किनाऱ्यावर चढणारे जहाज

मध्य प्रदेशातल्या भरवेलीहून समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर दूर. तरी जहाजाशी या गावाचे नाते आहे. जहाजाच्या पोलादात मँगनीज लागतेच, आणि इथली खोल खाण मँगनीजचीच. रणगाडे वाहणाऱ्या जहाजांचे कूळ शोधू लागलो, तर त्यातही समुद्रापासून लांबची गावे भेटतात.

१९४० मध्ये डंकर्कहून ब्रिटिश सैन्य परतले ते रणगाडे आणि तोफा मागे टाकून. युरोपात पुन्हा उतरायचे, पण बंदरे शत्रूच्या ताब्यात. तेव्हा रणगाडा थेट वाळूवर उतरवील असे जहाज हवे होते. नोव्हेंबर १९४१ मध्ये अमेरिकी नौदलाचे रचनाकार जॉन नीडरमायर यांनी त्याचा आराखडा काढला. पेच असा होता की महासागर ओलांडायला जहाज पाण्यात खोल बसायला हवे, किनाऱ्याला लागताना मात्र त्याला उथळ पाणी पुरायला हवे. त्यांनी पोटात टाक्या दिल्या. प्रवासात त्यांत समुद्राचे पाणी भरायचे, किनारा आला की उपसून टाकायचे. सपाट तळ वाळूवर चढतो, नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची दारे उघडतात, रॅम्प खाली येतो आणि रणगाडे बाहेर पडतात. परतीची सोय येतानाच झालेली असते. किनारा गाठण्याआधी वरामाकडून, म्हणजे मागच्या टोकाकडून नांगर सोडतात. पुढे त्याचाच दोर यंत्राने गुंडाळत जहाज स्वतःला मागे खेचून घेते. या साऱ्या रचनेत मला हा नांगर सर्वांत शहाणा वाटतो.

युद्धात अशी हजाराहून अधिक जहाजे बांधली गेली. किनाऱ्यावरच्या गोद्या मोठ्या युद्धनौकांत गुंतलेल्या, म्हणून इलिनॉय नदीवरचे सेनेका, ओहायो नदीवरचे एव्हान्सव्हिल अशा आतल्या भागांत कारखाने उभे राहिले. जहाजे नदीतूनच समुद्राला गेली.

भारताकडे या कुळातले जहाज १९४९ मध्ये ब्रिटिश नौदलाकडून आले. त्या जहाजाचे नाव ठेवले ‘मगर’. पुढे पोलंडहून मध्यम आकाराची जहाजे आली. डिसेंबर १९७१ च्या बांगलादेश युद्धात कॉक्स बाजारला त्यांतल्या ‘घडियाल’ आणि ‘गुलदार’ यांवरून गुरखा जवान उतरवताना उथळ वाळूपलीकडे खोल पाणी लागले आणि काही जवान बुडाले. तळ कितीही सपाट असो, समोरच्या किनाऱ्याची पाहणी आधी व्हायलाच हवी, हे त्या जवानांच्या प्राणांनी शिकवले.

त्याच नावाची दुसरी ‘गुलदार’ डिसेंबर १९८५ मध्ये पोलंडच्या गदिनिया बंदरात नौदलात दाखल झाली. तिने श्रीलंकेतल्या मोहिमा पाहिल्या, २००४ च्या त्सुनामीत मदतकार्य केले. १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअरला तिचा ध्वज उतरला. बहुतेक युद्धनौका यानंतर भंगारात जातात. ‘गुलदार’ मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवारला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्वाधीन झाली. सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ समुद्रतळाशी तिचे संग्रहालय करायचे आणि तिच्या लोखंडावर प्रवाळ वाढू द्यायचे, अशी ही योजना आहे. माझ्या मते भंगारापेक्षा हे कितीतरी चांगले. तिच्यातले तेल आणि घातक द्रव्ये शेवटच्या थेंबापर्यंत काढली जावीत. कारण त्याच पाण्यावर निवतीच्या मच्छीमारांची घरे चालतात.