दो आंखें बारह हाथ : जेल आटपाडीचं, भांडण भाजी बाजाराचं

व्ही. शांतारामांचा 'दो आंखें बारह हाथ' (१९५७) आपल्याकडच्या जुन्या जाणत्यांनी पाहिलेला आहे. सहा खुनी कैदी आणि त्यांना उघड्या माळावर शेती करायला नेणारा जेलर. पण ही गोष्ट हवेतली नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

१९३९ च्या सुमारास औंध संस्थानात आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' वसवलं गेलं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांचा हा प्रयोग. भिंत नाही, बेड्या नाहीत, कैद्यांनी शेती करून राहायचं. सिनेमाची कथा गदिमांची, आणि गदिमा त्याच आटपाडी भागातले. म्हणजे घरचीच गोष्ट की! सिनेमाला १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात बक्षीस मिळालं. बैलाशी झुंजीचं शूटिंग करताना शांतारामांच्या डोळ्यांना इजा झाली ती वेगळीच.

आता नारायणगाव-मंचरच्या माणसाने खास बघावा असा भाग. कैदी माळावर भाजी पिकवतात आणि बाजारात स्वस्त विकतात. गिऱ्हाईक खूश, पण व्यापाऱ्याचं पित्त खवळतं. आधी मारहाण, मग थेट बैल अंगावर. त्यात जेलरचा जीव जातो. खुनी माणसं सुधारत चाललेली, आणि उजळ माथ्याने फिरणारा मात्र गुंडगिरी करतो! ज्याने आडतीवर माल टाकून पट्टीची वाट बघितलीय त्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

गुन्हेगार कोण ठरवतं, हा प्रश्न आपल्याला नवा नाहीच म्हणा. आंबेगावातल्या जांभोरीचा होनाजी ऊर्फ होन्या केंगले. १८७३ पासून सावकारांवर तुटून पडला, त्यांची नाकं कापली. इंग्रजांनी डोक्यावर इनाम लावलं आणि १८७६ ला मेजर डॅनियलने पकडला. सरकारी कागदात तो टोळीवाला, दरोडेखोर. आदिवासी वाड्या-वस्त्यांवर विचारा, तिथे क्रांतिवीर. सावकाराच्या वहीत काय लिहिलं होतं, ते मात्र कोण विचारतं?

स्वतंत्रपूरची वसाहत आजही आहे. आटपाडीकडे जाणं झालं तर बघून या. आणि जांभोरीकडच्या कुणाच्या घरी होन्याच्या गोष्टी ऐकलेली म्हातारी माणसं असतील तर त्या कमेंटमध्ये लिहा.