काळ्या दगडांतील पाण्याची साक्ष

संत्र्यांच्या बागांसाठीं प्रसिद्ध असलेल्या काटोलच्या मुलखांत सागरी जीवांची गोष्ट काढणें प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. परंतु या काळ्या जमिनीखालीं प्राचीन लाव्ह्याचे थरावर थर आहेत. अशा दोन थरांच्या मध्यें जेथें पाणी सांचून गाळ बसला, तेथें कित्येक ठिकाणीं एक चिमुकला साक्षीदार दडून राहिला आहे. त्याचें नांव ऑस्ट्राकोड.

हा खेकडा व झिंगा यांचा दूरचा भाऊबंद. आकार बहुधा मिलिमीटरभर. त्याचें सारें शरीर दोन शिंपल्यांच्या संपुटांत मावतें. याचीं कांहीं घराणीं समुद्रांत, कांहीं खाडीच्या मचूळ पाण्यांत नांदतात. सायप्रिसाचें घराणें मात्र मुख्यतः तळ्याडबक्यांचें. प्राणी मरतो, कवच गाळांत उरतें. तें कवच ओळखलें, कीं तेथें कोणतें पाणी होतें याचा उलगडा होतो.

निर्मळनजीकच्या सिचेल टेकड्यांत माल्कमसन यांनीं जमविलेल्या अशा कवचांस सॉवर्बी यांनीं १८४० सालीं नांवें दिलीं. १८४५ सालीं नागपुरास आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं रॉबर्ट हंटर यांच्यासह टाकळी येथील थर कसून तपासले. त्यांचा निबंध १८५५ सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळानें छापला. नागपूरकडील सायप्रिसांचें वर्णन रूपर्ट जोन्स यांनीं १८६० सालीं केलें. निष्कर्ष असा, कीं येथें गोड्या पाण्याचीं तळीं होतीं. खाऱ्या पाण्याचे शंखशिंपले सांपडले ते दूर राजमहेंद्रीकडे. १८६३ सालीं टाकळघाटाहून परततांना हिस्लॉप पाण्यांत बुडून वारले. परंतु त्यांचें मत पुढें दीर्घकाळ टिकलें.

त्यास नवी पुरवणी जोडली गेली ती २००९ सालीं. काटोलच्या उत्तरेकडील छिंदवाडा जिल्ह्यांत, झिलमिली येथें, गर्टा केलर व त्यांच्या सहकाऱ्यांस गोड्या पाण्यांतील ऑस्ट्राकोडांसोबत मचूळ पाण्यांतील जाति आणि समुद्रांत तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचीं कवचें आढळलीं. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं समुद्राचा एखादा फांटा मध्य भारतांत शिरला असावा, असें त्यांनीं सुचविलें.

यानें हिस्लॉप खोटे ठरत नाहींत. टाकळीचें तळें तळेंच राहतें. मात्र एका थराची साक्ष दुसऱ्यास लागू करतां येत नाहीं, प्रत्येकास वेगळें विचारावें लागतें. टाकळी आतां शहराच्या वस्तीत गेली आहे. म्हणून विहीर खोदतांना दोन काळ्या थरांमध्यें फिकट, मऊ दगड लागला, तर तो भरावांत टाकण्यापूर्वीं भिंगाखालीं धरणें उचित होय. कोणत्या पाण्याचा इतिहास त्यांत लिहिला आहे, हें न पाहतां सांगतां येणार नाहीं.