बोरघाट, गिअर आणि सुट्या भागांची जुळवाजुळव

१) पनवेल समुद्रसपाटीलगत आहे, तर बोरघाटाच्या माथ्यावरचे खंडाळा-लोणावळे सुमारे ६०० मीटर उंचीवर. १८३० मध्ये या घाटातून चाकांच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला. मुंबई-पुणे सायकल शर्यतीतील ‘घाटाचा राजा’ याच चढावर ठरतो.

२) पुढच्या चक्राला ४२ व मागच्याला २८ दाते असतील, तर पॅडलच्या एका फेरीत मागचे चाक दीड वेळा फिरते. पुढे ३४ व मागे ३६ दाते ठेवले, तर ते एक फेरीही पुरी करत नाही. वेग घटतो, पण चढ हलका होतो. रोड सायकलला माउंटन बाइकची मोठी कॅसेट बसवतात ती यासाठीच.

३) टूर द फ्रान्समध्ये सर्व स्पर्धकांना डिरेलरची मुभा मिळाली ती १९३७ मध्ये. त्या काळातील लिव्हर घर्षणावर चालत. केबल किती ओढायची हे स्वाराचा हात ठरवी. म्हणून निरनिराळ्या कंपन्यांचे भागही एकत्र नांदत.

४) १९८४ मध्ये शिमानोने ड्युरा-एस मालिकेत इंडेक्स पद्धत आणली : एक ‘टक्’, एक गिअर. सोय वाढली, पण शिफ्टर, डिरेलर आणि कॅसेट यांची मापे परस्परांना बांधली गेली.

५) २०१० च्या सुमारास शिमानोच्या दहा-गिअरी माउंटन डिरेलरच्या केबल-ओढीचे प्रमाण बदलले. तो दहा-गिअरी रोड शिफ्टरशी जुळत नाही. जुना नऊ-गिअरी मात्र जुळतो. घाटासाठी सायकल जुळवणारे आजही जुना भाग शोधतात, त्यामागे हा इतिहास आहे.