दफ्तराची सत्ता

माहिती तंत्रज्ञान आणि व्यवस्थापन हा विषय संगणकाबरोबर जन्मास आला आणि संगणकाबरोबरच आपल्या देशात आला, असा आपल्या पदव्युत्तर वर्गांतून एक समज आढळतो. नाशकास गंगापूर धरणाजवळ १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे नोकरी सांभाळणाऱ्या पदवीधरासही संगणक आणि व्यवस्थापन या दोहोंचा अभ्यास घरबसल्या करता येऊ लागला, ही मोठीच सोय झाली. परंतु नाशकातच, द्वारकेच्या चौकात मुंबई-आग्रा मार्गापासून जो रस्ता पुण्याकडे फुटतो, त्याच्या दुसऱ्या टोकास या विषयाचा पूर्वेतिहास रुमालांत बांधून ठेवलेला आहे, याची आठवण या विद्यार्थ्यांस कोणी करून देत असेल असे वाटत नाही. हा इतिहास म्हणजे पेशवे दफ्तर होय.

पेशव्यांचे राज्य जसे तलवारीवर, तसेच लेखणीवर चालले होते. हुजूर दफ्तरात रोजचा जमाखर्च रोजकीर्दीत चढे. गावोगावचे व महालोमहालचे हिशेब पुण्यास येत. आणि एकबेरीज दफ्तरात त्या सर्वांचा गोषवारा व ताळेबंद तयार होई. कोणत्या महालाचा वसूल किती, कोणाचा सरंजाम कोणत्या अटीवर आणि कोणते गाव कोणास इनाम, हे फडणिसास कागदावरून सांगता येत असे. दूरच्या असंख्य व्यवहारांची नोंद एके ठिकाणी आणून ती ठरीव पद्धतीने लावणे आणि हवी तेव्हा काढणे, यासच आज माहितीचे व्यवस्थापन म्हणतात. मोडी लिपी आणि बोरू ही त्या काळची यंत्रसामग्री. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत ही शिस्त ढासळली, आणि दफ्तराबरोबर राज्यकारभारही ढासळला.

१८१८ साली राज्य गेले, पण दफ्तर राहिले. एल्फिन्स्टनने ते जपून ठेवविले आणि मॅक्लिऑड नावाच्या अधिकाऱ्याने ते लावून घेतले. त्याचा खरा उपयोग मात्र पुढे इनाम कमिशनने केला. १८४३ पासून सुरू झालेल्या या चौकशीस १८५२ च्या ११ व्या कायद्याने बळकटी आली. पिढ्यान्‌पिढ्या जमीन खाणाऱ्या इनामदाराने आपला हक्क सिद्ध करावयाचा, आणि त्याची सनद दफ्तरातील नोंदीशी ताडून पाहावयाची, अशी रीत पडली. कमिशनच्या निर्णयाविरुद्ध दिवाणी न्यायालयात दाद नव्हती. खोट्या सनदा अगदीच नव्हत्या असे नाही, आणि दफ्तरामुळे त्या उघडकीस आल्या हेही न्यायाने म्हटले पाहिजे. तथापि, ज्या कारकुनाने आपल्या धन्याचा हिशेब जुळावा म्हणून एखादी ओळ लिहिली, त्याच्या स्वप्नीही नव्हते की साठ-सत्तर वर्षांनी तीच ओळ परक्या सरकारच्या हाती एखाद्या कुटुंबाच्या उपजीविकेविरुद्ध पुरावा म्हणून उभी राहील. यातून माजलेल्या असंतोषाचा उल्लेख १८५७ च्या कारणांत पुष्कळांनी केला आहे. अखेर १८६३ च्या कायद्यांनी सरसकट तडजोड करून सरकारने हे प्रकरण मिटविले.

दुसरा अन्याय याहून मुकाट होता. ज्या समाजाचा हा इतिहास, त्याच्या अभ्यासकांस दफ्तराचे दार दीर्घकाळ सहजासहजी उघडत नसे. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली, ती बव्हंशी घरोघरच्या माळ्यांवरील कागद धुंडाळून. पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड रियासतकार सरदेसायांच्या संपादकत्वाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत निघाले, तेव्हा कोठे हा ठेवा सर्वांच्या दृष्टीस पडू लागला.

आता आजच्या प्रश्नांकडे पाहावे. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच उत्तर महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी, देशातील पहिले आधार क्रमांक वाटले गेले. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची खूण एका मध्यवर्ती दफ्तरात जमा होऊ लागली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरविला. २०१८ साली खासगी कंपन्यांच्या आधार-वापरास आळा घातला. आणि २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. या साऱ्या वादाच्या मुळाशी प्रश्न तीनच आहेत: एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामास लावावी काय? नोंद चुकली तर भार कोणी वाहावा? आणि ज्याची माहिती त्यास ती पाहता यावी की नाही? इनाम कमिशनपुढे हात जोडून उभ्या राहिलेल्या इनामदाराचे प्रश्नही हेच होते. फरक एवढाच की, रुमाल सोडून कागद शोधावयास कारकुनास जेथे दिवस लागत, तेथे यंत्रास आता क्षणही पुरतो. यंत्राचा वेग वाढला म्हणजे न्यायाचाही वाढतो असे नाही. अन्यायाचा मात्र खास वाढतो.

म्हणून या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात यंत्राची रचना आणि धंद्याचे गणित यांच्या जोडीस दफ्तराचा हा इतिहास असावा, असे आम्हांस आग्रहाने सुचवावेसे वाटते. आमचे आजचे पदवीधर हेच उद्याचे फडणीस होत. हिशेब बिनचूक ठेवण्याची कला त्यांना येईलच. परंतु प्रत्येक नोंदीच्या पलीकडे एक घर, एक शेत आणि एक चूल आहे, ही जाणीव कोणतेही यंत्र देत नाही. ती देणे हे शिक्षणाचे काम आहे.