दृष्टांतानंतरचं वाक्य

वक्तृत्व स्पर्धेला तासभर बसलं की दोन गोष्टी हमखास कानावर येतात. एक एडिसनच्या आईची. शाळेची चिठ्ठी तिने मुलाला बदलून वाचून दाखवली, ती. दुसरी चाळिशीत स्वतःची चोच खडकावर आपटून तोडणाऱ्या गरुडाची. पहिल्या प्रसंगाला पुरावा नाही आणि चोच तोडलेला गरुड उपाशीच मरेल. तरी मुलं पोटतिडकीने सांगतात, कारण भाषणात गोष्ट हवी हे त्यांना कुणीतरी शिकवलेलं असतं. ती कुठून आणायची आणि सांगून झाल्यावर तिचं काय करायचं, हे मात्र शिकवायचं राहून जातं.

गोष्ट सांगायला शिकवणाऱ्या कार्यशाळा आपली वंशावळ बहुधा अमेरिकेतून सांगतात: १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये वर्ग सुरू करणारे डेल कार्नेगी, १९२४चा कॅलिफोर्नियातला पहिला टोस्टमास्टर्स क्लब. जालना जिल्ह्यात उभं राहून मागं पाहिलं तर ही वंशावळ फार तोकडी वाटते.

भोकरदन तालुक्यात जाळीचा देव हे महानुभावांचं मोठं तीर्थस्थान आहे. तेराव्या शतकात या पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी मराठवाड्याच्या या मुलखात फिरले, बोलले आणि शिष्यांनी ते बोलणं जपलं. म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’ त्यातूनच आलं आणि केशिराजबासांनी स्वामींनी सांगितलेल्या गोष्टी वेगळ्या काढून ‘दृष्टांतपाठ’ सिद्ध केला. त्यात ११४ दृष्टांत आहेत आणि त्यांची घडण पाहण्यासारखी आहे. आधी सूत्र, म्हणजे स्वामींचं नेमकं वचन. मग दृष्टांत, म्हणजे गोष्ट. शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे ही गोष्ट सूत्राला आणि ऐकणाऱ्याला कुठे लागू पडते ते. आंधळ्यांची आणि हत्तीची गोष्ट त्यात आहे. पाय चाचपणाऱ्याला हत्ती खांबासारखा वाटतो, कान धरणाऱ्याला सुपासारखा. गोष्ट इथेच संपवली तर लोक हसतील आणि उठतील. दार्ष्टांतिक त्यांना बसवून ठेवतं, कारण त्या आंधळ्यांत आपणही आहोत हे तिथे कळतं. माझ्या मते मराठी वक्त्यांना मिळालेलं हे पहिलं शिस्तबद्ध शिक्षण, आणि त्याचा कस या तिसऱ्या पायरीवर लागतो.

याच केशिराजबासांचा ओढा संस्कृतकडे होता. संस्कृतात लिहिलं तर साध्यासुध्या म्हाताऱ्या त्याला मुकतील, असं म्हणून पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी त्यांना अडवल्याची आठवण पंथाने जपली आहे. वक्त्याचं कौशल्य कुणाच्या कानांवर मोजायचं, हे तिथे ठरलं.

पुढे शेजारच्या पैठणात एकनाथांनी भारुडं रचली आणि सांगणारा स्वतःच पात्र झाला, कधी जोशी, कधी वासुदेव. त्यानंतर हा धागा येतो तो थेट घनसावंगी तालुक्यातल्या जांबला, आजच्या जांब समर्थला. १६०८ साली इथे जन्मलेल्या नारायण सूर्याजी ठोसरांनी, म्हणजे समर्थ रामदासांनी, वक्त्याच्या शिक्षणाचा जेवढा बारकाईने विचार केला तेवढा जुन्या मराठीत क्वचितच कुणी केला असेल. ‘दासबोधा’चा पहिलाच दशक पाहा. गणेश, शारदा, सद्गुरू, संत यांच्या स्तवनानंतर सहावा समास श्रोत्यांच्या स्तवनाचा आहे. कवीश्वर त्याच्या मागून येतात आणि आठव्यात सभेला वंदन आहे. कवीच्या आधी श्रोता! चौदाव्या दशकात कीर्तनाची लक्षणं आहेत, तर अठराव्याच्या दहाव्या समासात श्रोत्याची अवलक्षणं: अंग टाकणारे, जांभया देणारे, पेंगणारे. सभेसमोर अनेकदा उभं राहिल्याशिवाय ही यादी सुचत नाही. पाठांतर भरपूर हवं असा समर्थांचा आग्रह होताच. पण प्रचीती नसलेलं बोलणं त्यांच्या लेखी निव्वळ कंटाळा होता. दार्ष्टांतिकाच्या जोडीला ही दुसरी अट आली. गोष्ट श्रोत्याला लागू पडायला हवी, तशीच ती सांगणाऱ्याच्या अनुभवातून यायला हवी.

या दोन्ही अटी कीर्तनात मुरल्या. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगावर निरूपण आणि उत्तररंगात आख्यान, म्हणजे विचार आधी आणि गोष्ट नंतर. वारकरी कीर्तनकार प्रमाण देतो, मग दृष्टांत लावतो. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली तेव्हा या शिक्षणाला शाळेचं रूप आलं. पण खरा अभ्यास टाळ हातात घेऊन कीर्तनकाराच्या मागे उभं राहूनच होतो. तिथून कीर्तनकाराची पाठ दिसते आणि समोरची सगळी माणसं दिसतात. कुठल्या दृष्टांताला माना हलल्या आणि कुठे मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली, हे विद्यार्थी सप्ताहामागून सप्ताह पाहत असतो. कार्यशाळेतल्या आरशासमोर हे कळायचं नाही.

निजामी राजवटीत वक्त्यावर वेगळीच वेळ आली. १९२०च्या दशकात ‘गश्ती निशाण ५३’ नावाच्या हुकुमाने परवानगीशिवाय सभा घेणं बंद झालं आणि कीर्तनांना, गणेशोत्सवातल्या मेळ्यांना आगळं वजन आलं. १९३७ साली हैदराबाद संस्थानातल्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला भरलं, गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखाली. परतूर आज जालना जिल्ह्यात आहे. अशा व्यासपीठावर बोलणाऱ्याला आख्यान पुराणातून आणायची गरज नव्हती. ऐकणारे जे रोज सोसत होते, तेच आख्यान होतं.

ही साखळी तुटली ती स्पर्धांच्या ढालींपाशी, असं मला वाटतं. सात मिनिटं, घंटा, हातवारे, आरोह-अवरोह यांना गुण मिळू लागले आणि गोष्ट तयार माल झाली. मुलाला शब्द पाठ असतात, पण त्याच्या गावात काय घडलं हे भाषणात येत नाही. दार्ष्टांतिकाच्या जागी टाळ्या येतात.

तरी जिल्ह्यात ही विद्या शिल्लक आहे. जालना तालुक्यातल्या कडवंचीत १९९०च्या दशकात इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचं काम झालं, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची साथ होती आणि या अवर्षणप्रवण गावात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. ते पाहायला बाहेरचे शेतकरी येतात आणि गावातला शेतकरी त्यांना सांगतो: बांधबंदिस्ती आधी कुठे केली, शेततळ्यातलं पाणी कसं पुरवलं, बाग कशी धरली. श्रोता स्वतः शेतकरी असल्यामुळे तिथे थाप चालत नाही; तो लगेच खर्च विचारतो. सांगणाऱ्याने भाषणाचा वर्ग केलेला नसतो, पण सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक तिन्ही त्याच्याकडे असतात. दार्ष्टांतिक तर समोरचाच पूर्ण करतो, आपल्या शिवाराचा उतार सांगून.

वक्तृत्वाच्या वर्गात येणाऱ्या मुलांना आधी अशा बांधावर नेऊन ऐकायला बसवावं. मग त्यांच्याकडून घरातली एकच गोष्ट मागावी, आजीने सांगितलेली दुष्काळातली किंवा वडिलांची पहिली मोसंबीची बाग मोडल्याची, आणि एकच प्रश्न विचारावा: ही तू कुणाला सांगतोयस, आणि त्यानं ती का ऐकावी?