पिकअपची डिस्क वाकली का? असं तपासा
जालना मार्केटला मोसंबी नेताना स्टेअरिंग थरथरतंय, पुढच्या एकाच चाकाची हवा सारखी उतरतेय? खड्ड्यात आदळून डिस्क वाकली असू शकते.

तपासणी : रिकामी गाडी सपाट जागी लावा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं चाक जॅकवर उचला. गाडीखाली जाऊ नका. डिस्कच्या कडेजवळ काडी स्थिर धरून चाक फिरवा. अंतर कमी-जास्त झालं तर डिस्क वाकलेली. डिस्क सरळ, पण टायर लहरतोय, तर दोष टायरचा. चाक धरून हलवल्यावर ढिलं लागलं तर बेअरिंग, बॉल जॉइंट मिस्त्रीला दाखवा.

उपाय : लोखंडी डिस्कची कड थोडी वाकली असेल तर मशीनवर सरळ होते. तडा गेला असेल किंवा नटाची भोकं लांबट झाली असतील तर वेल्डिंग नको, डिस्कच बदला. भरल्या गाडीत तडा उघडला तर हवा एकदम जाते, गाडी उलटू शकते. नट आमनेसामने आवळा आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा बघा.