तळटीप १४ : ‘एकाच यंत्रावर’ या शब्दांविषयी

लेखकाने ‘सर्व प्रतिमा एकाच यंत्रावर घेतल्या’ असे मुद्दाम नोंदवले आहे. वाचकाने ते ओलांडून जाऊ नये. एमआरआय यंत्राचा चुंबक १.५ टेस्लाचा की ३ टेस्लाचा, यंत्र कोणत्या कंपनीचे, सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, यांतले काहीही बदलले तर त्याच माणसाच्या मेंदूच्या बाह्यकाची जाडी थोडी वेगळी भरू शकते. बाह्यक सरासरी जेमतेम अडीच मिलिमीटर जाड. आजाराने पडणारा फरक मिलिमीटरच्या अंशात. मग यंत्राची खोड रोगाच्या नावावर सहज खपते. स्वमग्नतेवरील ‘अबाइड’ संग्रहात (२०१२) १७ ठिकाणांहून आलेल्या १,११२ जणांच्या प्रतिमा आहेत. तिथे हा प्रश्न टाळताच येत नाही.

यावरचा आज फार वापरला जाणारा संख्याशास्त्रीय उपाय, ‘कॉम्बॅट’, मुळात मेंदूशास्त्रातला नव्हेच. जॉन्सन, ली आणि राबिनोविच यांनी २००७ मध्ये तो जनुकांच्या सक्रियतेच्या मोजणीसाठी मांडला. चकल्यांचा एक घाणा खुसखुशीत, दुसरा कडक, तसे त्या मोजणीतही होई: वेगवेगळ्या तुकड्यांत केलेल्या प्रयोगांची मापे जुळत नसत. पुढे फोर्टिन आणि सहकाऱ्यांनी तो मेंदूच्या प्रतिमांकडे आणला. प्रत्येक यंत्राचे माप सरासरीत किती सरकते आणि किती पसरते याचा अंदाज घेऊन तो ते काढून टाकतो; वय, लिंग, निदान यांमुळे पडणारे फरक मात्र राखायचे, हे त्याला आधी सांगावे लागते. सगळे रुग्ण एका यंत्रावर आणि सगळे निरोगी दुसऱ्यावर तपासले असतील, तर मात्र कॉम्बॅटही निरुपयोगी. — संपा.